आम्ही हसत होतो म्हणून तक्रार नाही, असं नसतं: औलीला नेणाऱ्या टूर कंपनीला खुलं पत्र

टूर कंपनीचे मालक, मॅनेजर आणि जाहिराती बनवणारी मंडळी,

नमस्कार. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. वाचलं की तुम्हाला कळेलच, आणि तुमच्यासारखेच छापील माहितीपत्रक वाटणारे अजून चार जण असतील तर त्यांनाही घ्यायचं ते घेता येईल.

परवा तुमच्या फेब्रुवारीच्या बॅचची जाहिरात पाहिली. त्यात आमचा डोंबिवलीचा ग्रुप आहे. माझी मावशी पाठीवर पडलीये, दोन्ही स्की आभाळाकडे, आणि ती तशीच उत्तराखंडातल्या औलीच्या बर्फाच्या उतारावरून सावकाश खाली चाललीये, तिच्या मागे आमच्या बिल्डिंगमधले बँकेतून रिटायर झालेले काका "अहो थांबा, अहो थांबा" करत तिला पकडायला निघालेत आणि दोन पावलांत स्वतःच बसलेत. वर ढिंच्याक गाणं. खाली ओळ, की बघा आमचे प्रवासी किती खूश असतात. मावशीला कुणी विचारलं नव्हतं. तिला हे कळलं ते तिच्या भिशीच्या ग्रुपवर, तिच्या विहीणबाईंनी पाठवलं तेव्हा. आणि त्याच जाहिरातीत पहिल्या दिवसाच्या कार्यक्रमात अजूनही लिहिलंय, "जोशीमठ ते औली रोपवेचा थरारक प्रवास".

त्याआधी मी तुम्हाला रीतसर तक्रारीचा ईमेल केला होता. त्यावर तुमच्या ऑफिसातून एका ओळीचं उत्तर आलं की सर, फोटोंमध्ये तर तुम्ही सगळे हसताना दिसताय. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

हो, हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. पंचवीस ते सत्तर वयाची माणसं, ज्यांचा बर्फाशी संबंध फ्रीज साफ करण्यापुरता, ती एकदम पायात लांबलचक फळ्या बांधून उभी राहिली तर हसूच येणार. पण ते हसू आम्ही घरून नेलं होतं, तुमच्या पॅकेजमध्ये ते इन्क्लूड नव्हतं. तुमच्या पॅकेजमध्ये जे इन्क्लूड होतं त्याचं काय झालं ते सांगतो.

सुरुवात रोपवेपासून. हरिद्वारहून आम्ही पहाटे अंधारात निघालो, ऋषिकेश सोडलं की अडीचशे किलोमीटर घाट, आणि सगळ्या वाटेत तुमचा टूर मॅनेजर माइकवर सांगत होता की एकदा जोशीमठला पोचलो की रोपवे, मग बसून राहायचं, नुसती नंदादेवी बघायची. या आशेवर लोकांनी ते घाट काढले. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी भेटतात तिथे सगळे उतरले, मग रुद्रप्रयाग, मग कर्णप्रयाग, नंदप्रयाग, आमच्यातल्या ज्येष्ठ मंडळींचा हिशोब स्कीइंगपेक्षा प्रयागांवर जास्त होता. मध्ये श्रीनगर अशी पाटी आली तेव्हा मागच्या सीटवर झोपलेला माझा भाचा दचकून उठला आणि आपण काश्मीरला कसे आलो म्हणून ओरडला, गढवालमध्येही एक श्रीनगर आहे हे त्याला पटवायला पुढचे वीस किलोमीटर गेले. इथपर्यंत सगळं मजेत होतं, आणि खरं सांगायचं तर याबद्दल तुमच्याविषयी काही म्हणणं नाही, ड्रायव्हर एक नंबर होता.

जोशीमठला पोचेपर्यंत अंधार. बॅगा उतरवल्या. मी चहाच्या टपरीवर विचारलं की रोपवे कुठून सुटतो, तर चहावाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मी बोरिवलीहून ट्राम कधी आहे असं विचारलंय. "रोपवे? वो तो कबका बंद है साहब." जानेवारी 2023 पासून. जोशीमठची जमीन खचायला लागली, शेकडो घरांना भेगा पडल्या, लोकांना राहती घरं सोडावी लागली, तेव्हाच रोपवेही थांबवला. देशभरच्या बातम्यांमध्ये होतं, इस्रोच्या उपग्रहांच्या फोटोंवरून निघालेला आकडा तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता, बारा दिवसांत 5.4 सेंटिमीटर. आणि ही काही अचानक आकाशातून पडलेली गोष्ट पण नाही, 1976 साली सरकारच्याच मिश्रा समितीने सांगून ठेवलं होतं की हे गाव जुन्या दरडीच्या मातीवर बसलंय, इथे जड बांधकामं नकोत.

यावर विनोद करायचा नाहीये. ज्यांच्या भिंतींना भेगा गेल्या त्यांच्या दारात उभं राहून आमचा रोपवे का नाही म्हणून गळा काढायला आम्हालाच लाज वाटली. उलट त्या गावाला टुरिस्ट हवेत, होमस्टेवाले, टॅक्सीवाले, बूट भाड्याने देणारे, सगळ्यांचं पोट हिवाळ्यातल्या या दोन-तीन महिन्यांवर आहे. रोपवे बंद आहे, आपण जीपने जाऊ, असं तुम्ही आधी सांगितलं असतं तर आमच्यातला एकही गळला नसता. पण तुम्ही जुनं माहितीपत्रक तसंच चालू ठेवलंत, कारण त्यात केबिनचा फोटो छान दिसतो. आणि मग रात्री, थंडीत, आम्हाला सांगितलं की आपली गाडी वर जाणार नाही, लोकल जीप करा, माणशी पैसे वेगळे. रोपवेचे पैसे आधीच घेतलेले, ते परत करायचं नाव नाही.

त्या जीपमध्ये आमच्या ट्रॉली बॅगा मावेनात. ट्रॉली बॅगा का आणल्या तर तुमच्या यादीत "चाकाची बॅग सोयीची" असं होतं. काकांची बॅग टपावर बांधली, दोर कमी पडला, मग मावशीच्या ओढणीने बांधली आणि ते चौदा-पंधरा किलोमीटर काका खिडकीतून हात बाहेर काढून ओढणीचं टोक धरून बसले होते. वर पोचल्यावर त्यांचा हात इतका गारठला होता की हॉटेलच्या रजिस्टरवर सही त्यांच्या बायकोने केली, आणि चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा अधिकृतपणे करतेय असं म्हणाली. हे सगळे हसले ते याला. फोटो तुमच्याकडे आहेच.

आता वजनाचा विषय. हा थोडा नाजूक आहे.

निघायच्या आधी तुमच्या ऑफिसातल्या मुलीने ग्रुपवर मेसेज टाकला की सगळ्यांनी आपलं नाव, उंची, वजन आणि बुटाचा नंबर इथेच लिहा. इथेच म्हणजे सगळ्यांसमोर, जिथे सासू-सून-जाऊ-नणंद सगळ्या आहेत. तुम्हाला काय वाटलं, लोक खरं लिहितील? आमच्या ग्रुपचं एकूण वजन त्या संध्याकाळी निदान सव्वाशे किलोने कमी झालं. एका ताईंनी कॉलेजमधलं वजन लिहिलं. काकांनी उंची दोन इंच वाढवली, ती का ते अजून कळलेलं नाही.

हे गमतीचं आहे पण नाही पण. स्कीचा बूट फळीला ज्या क्लॅम्पने धरलेला असतो, बाइंडिंग म्हणतात त्याला, ते तुमचं वजन, उंची, वय आणि तुम्ही किती शिकलेले आहात यावरून सेट करतात. पडलात तर ते योग्य वेळी सुटलं पाहिजे. घट्ट राहिलं तर फळी वळते आणि सोबत गुडघा वळतो, सैल राहिलं तर नुसतं वाकलात तरी फळी निघून एकटी खाली जाते. आमच्यात दुसरा प्रकार झाला, म्हणजे नशीब. एका दादांची फळी त्यांना सोडून निघाली आणि खाली मॅगीच्या स्टॉलपर्यंत पोचली, दादा मात्र जागेवर. हे वजन एकेकाला खाजगीत विचारायचं आणि का विचारतोय ते सांगायचं, एवढं साधं आहे. कारण कळलं असतं तर लोकांनी खरं सांगितलं असतं, गुडघा सगळ्यांनाच हवा असतो.

बुटांचं तर काय सांगू. स्कीचे बूट कडक प्लास्टिकचे, घोटा वाकूच देत नाहीत, आणि त्यांचे नंबर सेंटिमीटरमध्ये असतात. तुम्ही आमच्याकडून बाटाचे नंबर घेतलेत आणि तेच पुढे कळवलेत. त्यामुळे सकाळी जे बुटांचं वाटप झालं ते लग्नात चपला शोधण्यापेक्षा वाईट होतं. मावशीच्या मापाचा बूटच नाही, तिला तीन मोजे घालून बसवला. काकांनी उजवा डाव्यात आणि डावा उजव्यात घातला, बकल बाहेरच्या बाजूला यायला हवेत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, ते आत आले आणि चालताना एकमेकांत अडकले. काका जिथे अडकले तिथेच उभे राहिले आणि पंधरा मिनिटं सगळ्यांना वाटत होतं की ते सूर्यनमस्काराची तयारी करतायत.

इथे एक कबूल करतो, म्हणजे तुमचं कौतुकच. जेवण वेळेवर होतं. तुमचा आचारी ग्रेट माणूस. अडीच हजार मीटरच्या वर, जिथे पाणी शंभर अंशांच्या खूप आधीच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही, तिथे त्याने कुकरवर कुकर लावून आमटी केली, आणि पहिल्याच रात्री पुरणपोळी. गरम. तूप सोडून. लोक भारावले. मीपण भारावलो, दोन खाल्ल्या. पण सकाळी बुटांच्या ढिगासमोर उभं राहिल्यावर मनात आलं की जी कंपनी पुरणयंत्र विसरत नाही ती बुटाचं माप कशी विसरते. मराठी माणसाला प्रवासात जेवण मिळालं की तो बाकी काही विचारत नाही हा तुमचा अंदाज आहे आणि दुर्दैवाने तो बऱ्यापैकी बरोबर आहे, पण यावेळी नाही.

मग बर्फ. जाहिरातीत गुडघाभर बर्फ. आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा अख्खा उतार तपकिरी, वाळलेलं गवत, आणि सावलीच्या बाजूला एक पट्टा पांढरा, त्यावर आम्ही आणि आमच्यासारखेच इतर दोन ग्रुप. एक गुजराती, एक दिल्लीचा. तिघांची मिळून लाइन लागली होती. बर्फ पडणं तुमच्या हातात नाही हे शाळेतल्या पोराला पण कळतं. तिकडचा हिवाळी बर्फ पश्चिमेकडून, पार भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यांच्या प्रणालींवर असतो, ते उशिरा आले की बर्फ उशिरा. कृत्रिम बर्फ करायच्या मशीन औलीत आहेत, 2011 च्या साउथ एशियन विंटर गेम्सच्या वेळी आणलेल्या, त्यासाठी वर तळंपण केलंय, पण त्या मशीनलासुद्धा हवा शून्याच्या खाली लागते. आम्ही होतो तेव्हा दुपारी लोक स्वेटर काढून बसले होते.

म्हणजे तुमच्याकडून बर्फाची गॅरंटी मागतच नाहीये. पण जानेवारीच्या सुरुवातीला बर्फ हमखास नसतो हे तुम्हाला माहीत होतं, वर्षानुवर्षं तिकडे जाताय. मग ते लिहा. बर्फ नसेल तर काय करणार ते पण लिहा. आमच्यावेळी बर्फ कमी म्हटल्यावर तुमचा मॅनेजर गायब झाला आणि संध्याकाळी उगवला तो हाऊजीची तिकिटं घेऊन. तिथे करण्यासारखं काय नाहीये? वरून गोरसोंच्या बुग्यालपर्यंत, म्हणजे डोंगरावरच्या कुरणापर्यंत, चालत जाता येतं, समोर नंदादेवी, 7,816 मीटर, ते बघून माणूस आपोआप गप्प होतो. खाली जोशीमठला नृसिंह मंदिर आहे, बद्रीनाथची दारं नोव्हेंबरमध्ये बंद झाली की शंकराचार्यांची गादी हिवाळाभर तिथे असते. आमच्यातल्या बायकांनी दुसऱ्या दिवशी बंडच केलं, म्हणाल्या चार प्रयाग झालेत, पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठच्या थोडा पुढे आहे, फळ्या ठेवा बाजूला, तिकडे न्या. आणि गेल्या पण, स्वतः जीप करून. ट्रिपमधला सगळ्यात नीट आखलेला कार्यक्रम तोच, आणि तो तुमचा नव्हता.

शिकवणारा एक. अख्ख्या ग्रुपला एक मुलगा. माहितीपत्रकात "प्रशिक्षित इन्स्ट्रक्टर्स", अनेकवचन. तो मुलगा तिथलाच, जोशीमठचा, आणि त्याचे आभार मी इथे मानणार आहे कारण तुम्ही मानलेत असं दिसलं नाही. "घुटना मोड़ो, सामने देखो, पैर का तिकोना बनाओ" हे त्याने दिवसभरात किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे वेग कमी होतो, हे पहिलं लेसन. आमच्याकडे सगळ्यांनी बरोबर उलटं केलं. पडायचं असेल तर बाजूला पडा, मागे नको, आणि उठताना फळ्या उताराला आडव्या करा, हे तो एकाला सांगेपर्यंत दुसरा निघालेला असायचा. मावशीचं तेच झालं. ती पडली, फळ्या उताराच्या दिशेने होत्या, तिने उठायचा प्रयत्न केला आणि निघाली. तो मुलगा तेव्हा वर एका ताईंना हात देत होता. मावशी शेवटी एका गुजराती कुटुंबाच्या डब्यापाशी थांबली, त्यांनी तिला ठेपला दिला. तुमच्या रीलमध्ये ठेपल्याचा भाग कापलाय.

मावशीला काही झालं नाही. पण काही झालं असतं तर? जोशीमठला छोटं सरकारी रुग्णालय आहे, मोठ्या गोष्टीसाठी खाली उतरायला लागतं, गोपेश्वर, नाहीतर श्रीनगर, नाहीतर थेट ऋषिकेशचं एम्स, म्हणजे परत तेच अडीचशे किलोमीटर. आणि काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. कृत्रिम गुडघा आहे त्यांचा. तुमच्या ऑफिसात त्यांनी बुकिंगच्या वेळी स्वतःहून सांगितलं, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काही नाही हो, सगळे करतात." फॉर्ममध्ये बीपी, शुगर, ऑपरेशन, कशाचा रकाना नाही. फॉर्ममध्ये आहे ते "व्हेज / जैन / उपवास". तीन हजार मीटरपर्यंत माणसं नेताय, पायाला फळ्या बांधताय आणि विचारताय साबुदाणा चालेल का.

तर आता मागण्या. फार नाहीत आणि कुठलीच अवघड नाही.

मावशीचं रील काढा, आजच. तिची परवानगी नाही आणि ती देणार पण नाही, विचारून झालंय. पुढे कुणाचाही पडतानाचा व्हिडिओ वापरायचा असेल तर लेखी विचारा.

रोपवे चालू होईपर्यंत माहितीपत्रकातून, जाहिरातीतून, सगळीकडून तो काढा, आणि आमच्याकडून त्याचे घेतलेले पैसे परत करा. जीपचे आम्ही भरलेले पैसे पण. पावत्या आहेत, टॅक्सी युनियनच्या, काकांनी क्रमाने लावून ठेवल्यात, बँकेतला माणूस आहे.

बर्फ नसेल तर काय, हे बुकिंगच्या कागदावर लिहा, पर्यायी कार्यक्रमासकट, आणि स्कीइंगचे न वापरलेले पैसे किती परत मिळणार त्याच्यासकट. नवशिक्यांचा ग्रुप असेल तर एकापेक्षा जास्त शिकवणारे लावा आणि तिथलेच लावा, त्यांना पैसे वेळेवर द्या. वजन-उंची-माप खाजगीत घ्या, बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये, पाय कागदावर ठेवून मोजायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. तब्येतीचा फॉर्म करा आणि तो वाचा. इन्शुरन्समध्ये स्कीइंग धरलंय की नाही ते स्पष्ट सांगा, आम्ही विचारलं तेव्हा तुमच्या मॅनेजरने "सगळं कव्हर आहे" म्हटलं होतं, तो कागद आम्हाला अजून बघायला मिळालेला नाही, तो पण पाठवा.

आचाऱ्याला मात्र बदलू नका.

पंधरा दिवसांत उत्तर द्या आणि लेखी द्या. फोन करू नका, फोनवर तुमची माणसं फार गोड बोलतात आणि ठेवल्यावर लक्षात येतं की काहीच ठरलेलं नाहीये. उत्तर आलं नाही तर हेच पत्र पावत्यांसकट ग्राहक मंचात जाईल, अर्ज काका लिहितायत, आत्तापर्यंत अकरा पानं झालीत आणि ते अजून ऋषिकेशलाच आहेत.

आपला,
डोंबिवलीच्या ग्रुपमधला एक, बाकी सगळ्यांच्या वतीने